जडसंग्रहात न सापडणारे संगणक

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील कोणत्याही जुन्या सहकारी संस्थेच्या, शाळेच्या किंवा नगरपालिकेच्या कार्यालयात जडसंग्रह नोंदवही असते. खुर्ची, टेबल, कपाट, तिजोरी, पंखा आणि अलीकडच्या काळात संगणक व प्रिंटर, अशी प्रत्येक वस्तू तीत खरेदीची तारीख, किंमत आणि क्रमांक यांसह लिहिलेली असते. तोच क्रमांक वस्तूच्या पाठीमागे रंगाने घातलेला असतो. मार्चअखेर एक कर्मचारी नोंदवही घेऊन खोल्याखोल्यांतून फिरतो, दुसरा क्रमांक वाचून दाखवतो आणि खुणा होत जातात. ही पद्धत टिकून राहिली, कारण मोजायची वस्तू जागेवर उभी असते.

आभासी संगणक, ज्याला व्यवहारात व्हर्च्युअल मशीन किंवा नुसते 'व्हीएम' म्हणतात, या पद्धतीला दाद देत नाही. त्याला पाठ नाही, वजन नाही, खरेदीची पावती नाही. सर्व्हरच्या खोलीत एकच लोखंडी पेटी उभी दिसते आणि तिच्यात पंधरावीस संगणक एकाच वेळी चालू असतात. त्यांपैकी एकावर ठेवीदारांची खाती असतात, दुसऱ्यावर हजेरीची यंत्रणा, तिसरा कोणी तरी चाचणीसाठी बनवून विसरून गेलेला असतो. जडसंग्रहात नोंद मात्र एकाच सर्व्हरची. संगणक जाळ्यातील असे आभासी संगणक शोधून काढणे आणि त्यांची यादी अद्ययावत ठेवणे, हे आज माहिती-तंत्रज्ञान विभागाचे सर्वांत कंटाळवाणे आणि म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित काम आहे.

कल्पना जुनी, सोय नवी

एका यंत्राची अनेक यंत्रे भासवण्याची कल्पना १९६० च्या दशकातील आहे. आयबीएम कंपनीने आपल्या महाकाय संगणकांवर एकेका वापरकर्त्याला स्वतंत्र संगणकाचा आभास देणारी प्रणाली त्या दशकात तयार केली आणि १९७२ मध्ये 'व्हीएम/३७०' या नावाने ती बाजारात आणली. सर्वसामान्य सर्व्हरवर हे तंत्र रुजले ते १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीमुळे. पुढे 'झेन', लिनक्सच्या गाभ्यात २००७ मध्ये समाविष्ट झालेले 'केव्हीएम' आणि २००८ मधील मायक्रोसॉफ्टचे 'हायपर-व्ही' आले. खऱ्या यंत्राला यजमान, त्यावरील आभासी यंत्रांना पाहुणे आणि या दोहोंच्या मध्ये बसून प्रोसेसर, मेमरी व डिस्क यांची वाटणी करणाऱ्या प्रणालीला हायपरव्हायझर म्हणतात.

यातील फायदा उघड आहे. पूर्वी प्रत्येक कामासाठी वेगळा सर्व्हर घ्यावा लागे आणि त्यातील बहुतेक दिवसभर रिकामे बसून वीज खात. आभासीकरणाने खर्च वाचला, जागा वाचली. पण त्याबरोबर एक अडसरही नाहीसा झाला, ज्याची किंमत तेव्हा कोणी ओळखली नाही. खरा सर्व्हर घ्यायचा तर दरपत्रके मागवावी लागत, संचालक मंडळाचा ठराव लागे, बिल निघे. आणि या कागदपत्रांतूनच त्याची नोंद आपोआप होई. आभासी संगणक दहा मिनिटांत तयार होतो. त्यासाठी कोणाची सही लागत नाही. जन्माची नोंद नाही, तिथे मृत्यूची नोंद कोण करणार? वापर संपला तरी यंत्र चालूच राहते. या अनियंत्रित वाढीला इंग्रजीत शेतात माजणाऱ्या रानासारखा एक शब्द आहे. मराठीत 'बांडगूळ' हा त्याहून नेमका ठरेल, कारण अशी यंत्रे यजमानाच्याच मेमरीवर जगतात.

या भागाशी संबंध

या दोन जिल्ह्यांना बँकिंगची मोठी परंपरा आहे. सांगली बँक १९१६ साली आणि साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक १९३६ साली स्थापन झाली. युनायटेड वेस्टर्न २००६ मध्ये आयडीबीआय बँकेत आणि सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली. त्यानंतर स्थानिक मुख्यालय असलेली बँक म्हणजे मुख्यतः नागरी सहकारी बँका आणि जिल्हा मध्यवर्ती बँका. यांच्या जोडीला पतसंस्था, साखर कारखाने आणि शिक्षणसंस्था आहेत. मुख्यालय जिथे, तिथे सर्व्हरची खोली. आणि सर्व्हरची खोली जिथे, तिथे हा प्रश्न. मुंबईतील मोठ्या बँकेत या कामासाठी स्वतंत्र विभाग असतो. कराड, विटा किंवा वाईसारख्या गावातील संस्थेत तो भार बहुधा दोनतीन माणसांवर असतो, आणि त्यांतील एकाने नोकरी सोडली की अर्धी यादी त्याच्या डोक्यातून त्याच्याबरोबर निघून जाते.

असे दुर्लक्ष किती महाग पडू शकते, याचा धडा राज्यातील सहकारी बँकांना ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यात मिळाला. कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ आणि १३ ऑगस्ट रोजी झालेल्या सायबर हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्यांतील सुमारे ७८ कोटी रुपये २८ देशांतील एटीएममधून काढण्यात आले, सुमारे अडीच कोटी देशातून आणि जवळजवळ १४ कोटी रुपये 'स्विफ्ट' प्रणालीद्वारे हाँगकाँगमधील खात्यात वळवण्यात आले. देशांतर्गत रकमेपैकी काही शेजारच्या कोल्हापुरातील एटीएममधून काढली गेली होती. एटीएमवरून आलेली विनंती नेहमी बँकेच्या स्विच नावाच्या यंत्रणेकडे जाते आणि खात्यातील शिल्लक पाहून मंजुरी मिळते. हल्लेखोरांनी या स्विचला समांतर असा खोटा स्विच उभा केला आणि मंजुरी तोच देऊ लागला. हा खोटा स्विच खऱ्या पेटीत होता की आभासी, हा मुद्दा गौण आहे. बँकेच्या नावाने होकार देणारी, पण बँकेच्या हिशेबात नसलेली यंत्रणा चालत होती, हे महत्त्वाचे. आपल्याकडे कोणकोणती यंत्रे असायला हवीत हे ज्याला नक्की ठाऊक असते, त्यालाच एखादे यंत्र परके वाटू शकते.

रिझर्व्ह बँकेने १९ ऑक्टोबर २०१८ रोजी नागरी सहकारी बँकांसाठी मूलभूत सायबर सुरक्षा चौकट जाहीर केली. तिच्यातील अगदी प्राथमिक अपेक्षांपैकी एक म्हणजे माहिती-तंत्रज्ञान मालमत्तेची अद्ययावत नोंदवही. कोणते यंत्र किंवा प्रणाली, ग्राहकांची माहिती कुठे साठवली आहे, कोणते कामकाज तिच्यावर चालते आणि तिचे महत्त्व उच्च, मध्यम की कमी, हे तीत असले पाहिजे. ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकाने बँकांची त्यांच्या डिजिटल व्यवहारांच्या खोलीनुसार चार पातळ्यांत विभागणी केली आणि वरच्या पातळ्यांवर अपेक्षा वाढवल्या. नोंदवही ठेवा, असे सांगणे सोपे आहे. ती भरायची कशी, हा खरा प्रश्न.

चार बाजूंनी शोध

एकाच ठिकाणी विचारून पूर्ण उत्तर मिळत नाही, हे आधीच मान्य केलेले बरे. पहिली बाजू यजमानाची. हायपरव्हायझर स्वतःच्या पाहुण्यांची नावे जाणतो. व्हीएमवेअरमध्ये अनेक यजमानांचा कारभार 'व्हीसेंटर' या एका ठिकाणाहून पाहता येतो आणि तेथून सर्व आभासी संगणकांचा तक्ता काढता येतो. हायपर-व्हीमध्ये पॉवरशेलची 'गेट-व्हीएम' ही आज्ञा तेच काम करते. योगायोग असा की व्हीएमवेअरच्या पॉवरसीएलआय या साधनातही आज्ञेचे नाव हेच आहे, त्यामुळे दोन्ही प्रकारचे यजमान असलेल्या कार्यालयात नवशिक्याचा गोंधळ ठरलेला. केव्हीएमवर 'व्हर्श लिस्ट' ही आज्ञा आहे, पण ती नुसती दिली तर फक्त चालू यंत्रे दिसतात. बंद असलेली पाहण्यासाठी तिला 'ऑल' हा पर्याय जोडावा लागतो. या एका शब्दावाचून तयार झालेल्या याद्या अपुऱ्या राहतात आणि त्या अपुऱ्या आहेत हे कोणालाही कळत नाही.

यजमानाच्या साक्षीला मर्यादा आहे. व्हीसेंटरला जोडलेल्या यजमानांचीच माहिती तेथे मिळते. एखाद्या शाखेत स्वतंत्रपणे बसवलेला यजमान तिथे दिसत नाही. हायपर-व्ही तर विंडोजच्या व्यावसायिक आवृत्तीतही उपलब्ध असतो, आणि 'व्हर्च्युअलबॉक्स' हे साधन कोणीही आपल्या टेबलावरच्या संगणकावर उतरवून घेऊ शकतो. अशा यजमानांचा पत्ता लावण्यासाठी दुसरी बाजू लागते, ती जाळ्याची.

जाळ्यात जोडलेल्या प्रत्येक यंत्राच्या नेटवर्क कार्डाला बारा अंकाक्षरांचा एक पत्ता असतो, त्याला मॅक पत्ता म्हणतात. त्यातील पहिला अर्धा भाग उत्पादक दर्शवतो. आभासी संगणकाला खरे कार्ड नसते, म्हणून हायपरव्हायझर त्याला पत्ता बनवून देतो आणि त्या पत्त्याचा आरंभ बहुधा ठरलेला असतो. ००-५०-५६ किंवा ००-०सी-२९ ने सुरू होणारा पत्ता व्हीएमवेअरचा, ००-१५-५डी हायपर-व्हीचा, ०८-००-२७ व्हर्च्युअलबॉक्सचा, ००-१६-३ई झेनचा आणि ५२-५४-०० प्रथेने केव्हीएमचा. गाडीच्या क्रमांकावरील एमएच-११ पाहून सातारा आणि एमएच-१० पाहून सांगली ओळखावे, तसाच हा प्रकार. आणि गाडीची पाटी बदलता येते तसा हा पत्ताही हाताने बदलता येतो. म्हणून तो ओळखीची खूण समजावा, पुरावा नव्हे.

हे पत्ते गोळा करताना एक अडचण हमखास येते. मॅक पत्ता फक्त त्या त्या स्थानिक जाळ्यापुरता दिसतो. साताऱ्याच्या मुख्य कार्यालयात बसून फलटण शाखेचे जाळे तपासले तर मधल्या राउटरपलीकडचे आयपी पत्ते कळतात, मॅक पत्ते कळत नाहीत. त्यामुळे प्रत्येक शाखेतील राउटर किंवा स्विचकडून त्याने स्वतः पाहिलेल्या पत्त्यांचा तक्ता मागवावा लागतो. 'एसएनएमपी' या प्रोटोकॉलने हे दूरवरून करता येते. स्विचचा तक्ता आणखी एक गोष्ट सांगतो. एका पोर्टला साधारणतः एकच संगणक जोडलेला असतो. एखाद्या पोर्टामागे सात-आठ पत्ते दिसू लागले, तर तिथे कोणी दुसरा छोटा स्विच लावला आहे किंवा त्या टेबलावरचा संगणक यजमान झाला आहे.

'एनमॅप' सारख्या साधनाने संपूर्ण जाळ्यावर हाळी देऊन कोण उत्तर देतो ते पाहण्याची पद्धत १९९७ पासून रूढ आहे. तथापि विंडोजची फायरवॉल साध्या 'पिंग'ला बहुधा उत्तर देत नाही, म्हणून पिंगला प्रतिसाद नाही म्हणजे यंत्र नाही, असा निष्कर्ष काढू नये. त्याच स्थानिक जाळ्यात 'एआरपी' विचारणा अधिक विश्वसनीय, कारण तिला उत्तर न देणारे यंत्र जाळ्यात संवादच साधू शकत नाही. अशी तपासणी लेखी परवानगी घेऊन आणि कामकाजाची वेळ टाळून करावी. जुनी एटीएम आणि जुने प्रिंटर अशा हाकांच्या भडिमाराने अडखळतात. शिवाय परवानगीवाचून दुसऱ्याच्या जाळ्यात शिरणे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ खाली येते, याचा उत्साही मंडळींना विसर पडतो.

जाळ्यालाही काही गोष्टी दिसत नाहीत. बंद ठेवलेले आभासी यंत्र हाकेला ओ देत नाही. टेबलावरच्या संगणकातील आभासी यंत्र 'नॅट' पद्धतीने जोडलेले असेल, तर ते यजमानाच्याच पत्त्याआड राहते आणि बाहेरून एकच संगणक दिसतो. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासूनचे, कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासूनचे. अशा कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी प्रयोगासाठी आभासी यंत्रे बनवणे हा शिक्षणाचाच भाग होय, आणि तेथे प्रत्येकाची नोंद ठेवण्याचा अट्टहास करण्यात अर्थ नाही. प्रयोगशाळेचे जाळे प्रशासकीय जाळ्यापासून तोडलेले असले की पुरे. बँकेच्या लेखा विभागातील संगणकावर मात्र असे एकही यंत्र आढळले तरी विचारणा व्हावी. त्यासाठी प्रत्येक संगणकावरील स्थापित प्रणालींची यादी काढावी लागते. एखादा संगणक स्वतःच आभासी आहे की काय, हे त्याच्या उत्पादकाच्या नावावरून कळते. व्हर्च्युअलबॉक्सवरील यंत्र उत्पादक म्हणून 'इनोटेक' हे नाव सांगते. ती मूळ जर्मन कंपनी २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने घेतली आणि सन पुढे ओरॅकलच्या ताब्यात गेली, तरी तिचे नाव त्या रकान्यात राहून गेले आहे.

तिसरी बाजू साठवणीची, आणि अनुभवी लोक तिला सर्वाधिक महत्त्व देतात. आभासी संगणक म्हणजे शेवटी एक मोठी फाइल. व्हीएमवेअरची व्हीएमडीके, हायपर-व्हीची व्हीएचडीएक्स, केव्हीएमची क्यूकाऊ-२. व्हीएमवेअरमध्ये यंत्र 'यादीतून काढणे' आणि 'डिस्कवरून पुसणे' अशा दोन स्वतंत्र क्रिया आहेत. पहिली केली तर यंत्र यादीतून नाहीसे होते, फाइल मात्र जागेवर राहते. पाच वर्षांपूर्वीच्या सर्व खातेदारांची नावे, पत्ते आणि शिल्लक असलेला आख्खा संगणक असा डिस्कवर पडून असू शकतो. त्याला कोणताही पासवर्ड न देता कोणी ती फाइल एका हार्ड डिस्कवर उतरवून खिशातून घेऊन जाऊ शकतो. फाइल कूटबद्ध नसेल तर आतील सगळे वाचताही येते. खरा सर्व्हर चोरायला टेम्पो लागतो. म्हणून साठवणीतील सर्व मोठ्या फाइलींचा तक्ता काढून, चालू यंत्रांशी ज्यांचा मेळ बसत नाही त्या वेगळ्या काढणे आवश्यक ठरते.

चौथी बाजू कागदाची. आयपी पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरच्या नोंदी, डोमेनमध्ये नाव दाखल असलेले संगणक, अँटिव्हायरसच्या सर्व्हरला हजेरी देणारे संगणक, बॅकअपची यादी, आणि पुरवठादार कंपनीची कामाची पत्रे. यांतील प्रत्येक यादी वेगळ्या हेतूने बनलेली असते, म्हणूनच ती उपयोगी पडते.

जुळवणी

बँकेच्या माणसाला पुढची पायरी समजावून सांगावी लागत नाही. आपले रोखपुस्तक आणि बँकेचे पासबुक यांतील शिल्लक जुळत नाही तेव्हा जुळवणी पत्रक करतात आणि प्रत्येक फरकाचे कारण शोधतात. येथेही तेच. उदाहरणादाखल बारा शाखांची एक नागरी बँक कल्पावी. यजमानांनी २३ आभासी संगणक सांगितले, जाळ्यात २१ दिसले, अँटिव्हायरसकडे १८ हजर आहेत आणि बॅकअप १६ चा होतो. हे आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात. माहिती त्यांच्यातील फरकात आहे. यजमानाकडे आहे पण जाळ्यात नाही, ते बंद आहे किंवा तुटलेले. जाळ्यात आहे पण अँटिव्हायरसकडे नाही, ते असुरक्षित आहे. जाळ्यात आभासी म्हणून दिसते पण कोणत्याही ज्ञात यजमानाच्या यादीत नाही, त्याचा शोध मात्र त्याच दिवशी घ्यायला हवा, कारण त्याचा अर्थ अज्ञात यजमान कुठे तरी चालू आहे. आणि ज्यावर खातेदारांची माहिती आहे पण ज्याचा बॅकअप होत नाही, अशी एक ओळ जरी निघाली, तरी सगळा खटाटोप वसूल झाला.

जुळवणी करताना यंत्राला ओळखायचे कशावरून, हा वाद उपस्थित होतो. नाव बदलते, आयपी पत्ता बदलतो, यंत्र एका यजमानावरून दुसऱ्यावर चालू स्थितीत हलवता येते. हायपरव्हायझर प्रत्येक यंत्राला 'यूयूआयडी' नावाचा लांबलचक क्रमांक देतो, तोच मुख्य ओळख म्हणून घ्यावा. त्यातही फट आहे. फाइलींची थेट नक्कल करून बनवलेल्या यंत्राला मूळ यंत्राचाच क्रमांक राहू शकतो, मग जुळ्यांपैकी एकच यादीत येतो. यूयूआयडी, मॅक पत्ता आणि डिस्क फाइलचे ठिकाण ही त्रयी एकत्र लिहिली तर सहसा चूक होत नाही. याशिवाय नोंदवहीत यंत्र कशासाठी आहे, कोणत्या पदावरील व्यक्ती त्याला जबाबदार आहे, ते कोणत्या यजमानावर आहे, त्यावर ग्राहकांची माहिती आहे काय आणि ते कधीपर्यंत हवे आहे, हे रकाने असावेत. शेवटचा रकाना बहुतेक याद्यांत नसतो. तो असता तर निम्मी बांडगुळे उगवलीच नसती.

पैसा आणि पूर

यादी नसल्याचा फटका परवान्यांतही बसतो. विंडोज सर्व्हरच्या 'स्टँडर्ड' आवृत्तीत यजमानाचे सर्व कोअर परवान्याखाली असतील तर दोनच आभासी यंत्रे चालवण्याचा हक्क मिळतो. अमर्याद यंत्रांसाठी 'डेटासेंटर' आवृत्ती घ्यावी लागते. दोनाची पाच कधी झाली हे कोणी मोजले नाही, तर तपासणीच्या वेळी बिल येते. ब्रॉडकॉम कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर विकत घेतली आणि महिन्याभरात कायमस्वरूपी परवाने विकणे बंद करून कोअरच्या संख्येवर आधारित वर्गणीची पद्धत आणली. तेव्हापासून किती यजमान खरोखर लागतात, हा प्रश्न छोट्या संस्थांनाही अंदाजपत्रकात पडू लागला. त्याचे उत्तर चालू यंत्रांच्या यादीवाचून देता येत नाही. विसरलेला यजमान याहून धोकादायक. फेब्रुवारी २०२३ मध्ये जगभरातील हजारो व्हीएमवेअर यजमानांना 'ईएसएक्सआयआर्ग्स' या खंडणीखोर प्रणालीने ग्रासले. ज्या त्रुटीतून ती शिरल्याचे मानले गेले, तिच्यावरील दुरुस्ती फेब्रुवारी २०२१ मध्येच उपलब्ध झाली होती.

सांगलीला आणखी एक कारण आहे. महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा कराडला कोयनेला भेटते आणि साताऱ्याच्या घाटमाथ्यावरचा पाऊस सांगलीत येऊन पोहोचतो. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी महापुराचे पाणी शहरात शिरले. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. सर्व्हर वरच्या मजल्यावर नेला तरी वीज जाते, जनरेटरला डिझेल पोहोचत नाही आणि रस्ता बंद होतो. अशा वेळी दुसऱ्या गावातील पर्यायी केंद्रात कोणती यंत्रे आधी सुरू करायची, हे ठरवायला नोंदवहीतील उच्च, मध्यम, कमी हा रकाना लागतो. यंत्रांचा क्रमही महत्त्वाचा. डोमेन सर्व्हर आणि डेटाबेस आधी, त्यांच्यावर अवलंबून असलेली प्रणाली नंतर. आणि 'स्नॅपशॉट' म्हणजे बॅकअप हा गैरसमज अशाच वेळी उघडा पडतो. स्नॅपशॉट मूळ डिस्क फाइलवर अवलंबून असतो आणि बहुधा तिच्याच शेजारी असतो. मूळ बुडाले की तोही बुडतो.

अनेक लहान बँकांनी आता स्वतःच्या सर्व्हरऐवजी बाहेरच्या कंपनीची सामायिक सेवा घेतली आहे. त्यामुळे यंत्रे नजरेआड जातात, जबाबदारी जात नाही. ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज टेक्नॉलॉजीज या सेवादार कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोर हल्ला झाल्यानंतर राष्ट्रीय देयक महामंडळाने तिची जोडणी तात्पुरती तोडली आणि देशातील सुमारे ३०० लहान बँकांच्या खातेदारांचे यूपीआय व एटीएम व्यवहार खोळंबले. आपली कोणती कामे कोणाच्या यंत्रावर चालतात, ही यादी अशा बँकेनेही ठेवायला हवी. केंद्र सरकारच्या 'सर्ट-इन' या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते, नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात आणि यंत्रांची घड्याळे ठरलेल्या कालसर्व्हरशी जुळवावी लागतात. थांबवून पुन्हा सुरू केलेल्या आभासी यंत्राचे घड्याळ मागे पडण्याची प्रवृत्ती असते. यादीत नसलेल्या यंत्राचे घड्याळ कोणी जुळवत नाही, आणि चौकशीच्या वेळी त्याच्या नोंदी इतरांशी मेळ खात नाहीत.

मालक न सापडलेले यंत्र लगेच पुसून टाकण्याचा मोह टाळावा. सहकारी संस्थेत काही प्रणाली वर्षातून एकदाच वापरल्या जातात. लाभांश वाटप, वार्षिक लेखापरीक्षण किंवा एखादे जुने विवरणपत्र यांपुरत्या. प्रथम यंत्राची जाळ्याशी असलेली जोडणी काढावी, ते चालूच ठेवावे आणि कोणाची तक्रार येते काय ते पाहावे. महिनाभर कोणी फिरकले नाही तर यंत्र बंद करावे, त्याची एक प्रत कूटबद्ध करून बाजूला ठेवावी आणि एक मार्चअखेर तसाच जाऊ द्यावा. त्यानंतर जडसंग्रहातील मोडक्या खुर्चीप्रमाणेच ठराव करून निर्लेखन करावे आणि नोंद न खोडता तिच्यापुढे ठरावाचा क्रमांक व तारीख लिहावी. त्याच दिवशी त्या यंत्राचे डीएनएसमधील नाव, डोमेनमधील खाते आणि फायरवॉलमध्ये त्याच्यासाठी उघडलेली दारेही काढून टाकावीत. नाही तर काही महिन्यांनी तोच आयपी पत्ता दुसऱ्या यंत्राला मिळतो आणि आधीच्या यंत्रासाठी उघडी ठेवलेली दारे त्याला आयतीच लाभतात.